कोतात्सु: टोकियोच्या थंड घरासाठी घ्यावा का?

जपानमध्ये पहिला हिवाळा काढायला येणाऱ्या मराठी कुटुंबांना मी सध्या एकच सांगते: जाडजूड जॅकेटांवर पैसे घालायच्या आधी कोतात्सु, म्हणजे खाली हीटर आणि वर दुलई असलेलं बसकं टेबल, घ्या. बाहेरच्या थंडीची इथे सगळीकडे सोय आहे. लोकल ट्रेनच्या सीटखालून गरम हवा येते, दुकानात शिरलं की कोट काढून हातात धरावा लागतो. खरा गारठा असतो तो घरात.

आम्ही राहतो निशी-कासाईत, टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात. इथे आपली माणसं इतकी आहेत की डाळी, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ चालत जाऊन आणता येतं. फ्लॅट मात्र जुन्या इमारतीतला आहे. टोकियोत जानेवारीचं सरासरी तापमान पाच अंशांच्या जवळपास असतं. नागपूरचे नातेवाईक म्हणतात, त्यात काय एवढं, आमच्याकडेही डिसेंबरात पारा आठ-नऊवर येतो. येतो खरा, पण तिथे सकाळी गच्चीवर ऊन खात बसता येतं आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. इथे आकाश दिवसभर स्वच्छ निळं असतं, ऊनही पडतं, आणि तरी आमच्या उत्तरेकडच्या खोलीत दुपारी बारालाही तोंडातून वाफ निघते.

कारण खिडक्या. ॲल्युमिनियमची चौकट आणि एकपदरी काच. रात्री आत चार माणसं श्वास घेतात, भात शिजतो, कपडे वाळतात, आणि ती सगळी वाफ सकाळी काचेवरून ओघळत असते. चौकटीच्या खाचेत पाणी साचतं, पडद्याच्या खालच्या काठाला काळी बुरशी धरते. हिवाळ्यात माझी सकाळ काच पुसण्यानेच सुरू होते. जपानच्या उत्तर टोकाच्या बर्फाळ होक्काइदोहून आलेली एक ओळखीची जपानी आई मला पाळणाघराच्या दारात म्हणाली होती की टोकियोतल्या घरात तिला गावापेक्षा जास्त थंडी वाजते. तिकडे दुहेरी खिडक्या असतात आणि सगळं घर तापवतात, इकडे माणूस ज्या खोलीत बसलाय तेवढीच. एप्रिल २०२५ पासून नव्या घरांना ऊर्जाबचतीचे किमान निकष पाळणं सक्तीचं झालंय, पण भाड्याने मिळणारी बहुतेक घरं त्याच्या खूप आधीची आहेत. आपल्या वाट्याला तीच येतात.

पहिल्या वर्षी आम्ही सगळी भिस्त एसीवर ठेवली. इथला एसी गरम हवाही देतो. ती हवा छताशी जाऊन बसते आणि लादी थंडगार राहते. आमची लेक तीन वर्षांची आहे, तिचं सगळं जग लादीवर: ठोकळे, चित्रांच्या वह्या, बाहुलीचा संसार. शिवाय टोकियोचा हिवाळा मुळातच कोरडा, त्यात एसीने हवा आणखी सुकते. पोरीच्या गालांना भेगा पडल्या, कोपरांच्या आत खाज सुटली, रात्री उठून उठून पाणी मागायची. हवा दमट ठेवायचं यंत्र लावलं तर काचेवर पाणी दुप्पट. रॉकेलचे हीटर फार छान तापतात असं सगळे सांगतात, पण भाड्याच्या कित्येक फ्लॅटमध्ये त्यांना मनाई असते. आमच्या करारात तसं स्पष्ट लिहिलंय, आणि रांगतं-पळतं मूल घरात असताना मला तो नकोच होता.

मग कोतात्सु आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गुडघ्याएवढ्या उंचीचं लाकडी टेबल. त्याच्या चौकटीला खालून एक विजेचा हीटर उलटा बसवलेला. चौकटीवर मोठी दुलई पसरायची, तिचे चारही पदर जमिनीपर्यंत लोळतात. दुलईवर टेबलाची फळी नुसती ठेवून द्यायची. खाली जाड सतरंजी किंवा पातळ गादी. आपण जमिनीवर बसायचं, पाय आत घालायचे, दुलई कमरेपर्यंत ओढायची. बस्स. खोली थंडच राहते, फळीवरचा चहाही निवतो, पण कमरेखाली अशी ऊब मिळते की पाच मिनिटांत खांदेसुद्धा सैल पडतात.

पूर्वी हे कोळशावर चालायचं. घराच्या मधोमध चूल, तिच्यावर लाकडी चौकट आणि चौकटीवर पांघरूण, ही मुरोमाची काळापासूनची, म्हणजे पाच-सहाशे वर्षांची पद्धत. कोळशाच्या धुराने गुदमरण्याचे, भाजण्याचे धोके त्यात होतेच. तोशिबाने १९५७ साली चौकटीला वरून टांगलेल्या हीटरचा विजेचा कोतात्सु बाजारात आणला. त्याचा हीटर पांढरा होता, आणि तो खरंच तापतो यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसेना. म्हणून १९६० मध्ये त्याला लाल उजेड दिला आणि तो धडाधड खपला, अशी त्याची गोष्ट सांगतात. आमच्या हीटरलाही तो लाल उजेड आहे. लेक दुलईचा कोपरा उचलून आत डोकावते आणि उजेड दिसला की ओरडते, "आई, लागला!" हल्ली काही हीटर अजिबात उजेड देत नाहीत. लहान मूल असेल तर लाल उजेडवालाच घ्या. चालू आहे की बंद, हे लांबून कळतं.

आकाराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. ७५ सेंटिमीटर चौरस हा सगळीकडे मिळणारा आणि सगळ्यात स्वस्त आकार. एकट्या माणसाला किंवा जोडप्याला तो पुरतो. मूल असेल तर १०५ बाय ७५ चा आयताकृती घ्या. चौरसात तीन जणांचे सहा पाय मधोमध एकमेकांवर येतात आणि त्यात मुलाचे पाय हीटरच्या थेट खाली जातात. आयताकृतीत मुलाला लांबच्या टोकाला बसवता येतं, तिथे ऊब पोचते पण आच पोचत नाही. दुलई नेहमी टेबलाच्या मापापेक्षा खूप मोठी लागते. ७५ च्या चौरसाला १९० बाय १९० ची. दुलई आखूड असली तर बसलेल्या माणसाच्या पाठीशी फट राहते आणि सगळी ऊब तिथून निघून जाते. हे दुकानात कळत नाही, कारण दुकानात मांडलेल्या कोतात्सुत कोणी बसलेलं नसतं. तेव्हा दुकानात बूट काढा आणि खरंच बसून पाहा. नितोरीसारख्या फर्निचरच्या मोठ्या दुकानांत ऑक्टोबरपासून कोतात्सु मांडून ठेवलेले असतात, बसून पाहिलं तर कोणी काही म्हणत नाही.

आमचा टेबल आणि दुलई मिळून पंचवीस हजार येनच्या आसपास पडला. नवाच घ्यायला हवा असं नाही. मार्चमध्ये बदली होऊन भारतात परतणारी कुटुंबं सामान विकायला काढतात, तेव्हा चांगला टेबल तीन-चार हजारांतही मिळून जातो. टेबल जुना चालेल, दुलई मात्र नवी घ्या. आणि जुन्या टेबलाचा हीटर कुठल्या साली बनलाय ते मागे चिकटवलेल्या पट्टीवर वाचा. फार जुना असेल तर नुसता हीटर बदलून मिळतो, बहुतेक चौकटींना बसणारी ठरावीक मापं आहेत. वायरचं टोक कुरतडलेलं किंवा दबलेलं दिसलं तर तो कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

जोडणं सोपं आहे. चार पाय, चार नट, अर्धा तास. नवऱ्याने एकट्याने केलं आणि लेकीने प्रत्येक नट त्याच्या हातात दिला.

आता विजेचा खर्च. हीटरवर ५१० किंवा ६०० वॉट लिहिलेलं पाहून मी घाबरले होते. पण थर्मोस्टॅट सतत चालू-बंद होत असतो, त्यामुळे खरा वापर त्याच्या बराच कमी. आमच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून आणि युनिटला ३१ येन धरून हिशेब केला तर चढ्यावर तासाला पाच येन, मंदावर अडीच-तीन. चढ्यावर फक्त पहिला अर्धा तास ठेवायचा, दुलई आतून तापली की मंद करायचं. आम्ही संध्याकाळी सहाला लावतो, लेक झोपल्यावर साडेनऊ-दहाला बंद करतो. एसी आता फक्त सकाळी कपडे बदलताना आणि आंघोळीनंतर चालतो. थंडीच्या महिन्यांच्या बिलात हा फरक दिसलाच, त्याहून मोठा फरक पोरीच्या गालांवर दिसला.

पण मी हा लेख बिलासाठी लिहायला घेतला नाही. हिवाळ्यात आमच्या घरात माणसं विखुरलेली असायची. एकजण गादीत लॅपटॉप घेऊन, मी ओट्याशी, लेक एसीच्या झोताखाली. कोतात्सु आल्यापासून संध्याकाळी सगळे एका जागी असतात, कारण उबेची जागा घरात ती एकच आहे. जेवण तिथे, चित्रं काढणं तिथे, नवऱ्याची रात्रीची मीटिंग तिथे, भाजी निवडणं तिथे. मेथी निवडायला मला आयुष्यात इतकं आवडलं नव्हतं. फळीवर मिकानची परडी असते. इथली उन्शू मिकान आपल्या संत्र्याची लहान बहीण म्हणावी, बोटाने सोलली जाते आणि बी नसते, त्यामुळे पोर एकटी बसून खाऊ शकते. चवीला मात्र गोडच गोड. आंबिया बहाराच्या नागपुरी संत्र्यात जी आंबटाची कड असते ती तिच्यात नाही, आणि त्या आंबटपणाची आठवण मला प्रत्येक मिकान सोलताना येते.

जानेवारीत सासूबाई नागपूरहून दीड महिन्यासाठी आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना जमिनीवर कसं बसवायचं ही माझी काळजी. आल्या दिवशी त्यांनी कोतात्सुकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, टेबलाला गोधडी काहून नेसवली?" त्यांच्यासाठी झाइसु आणली होती, म्हणजे पाय नसलेली, पाठ टेकायची खुर्ची, आणि तिच्यावर दोन जाड उश्या. तरीही उठताना त्यांना नवऱ्याचा हात लागायचा. हा कोतात्सुचा खरा दोष आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. पण एकदा बसल्या की ऊब गुडघ्यांना इतकी बरी वाटायची की त्या उठायलाच तयार नसत. "तूच आण गं चहा इकडे, मी काहून उठू," असं म्हणून त्यांनी मला हसत हसत हुकूम सोडले, आणि मीही ते आनंदाने पाळले. एरवी आमच्याकडे येऊन त्या दिवसभर ओट्याशी उभ्या राहतात. या खेपेला त्या बसल्या, नातीला शुभंकरोती शिकवली, माझ्याशी त्यांच्या माहेरच्या गोष्टी बोलल्या. इतक्या वर्षांत आमचं इतकं बोलणं झालं नव्हतं.

दह्याचा शोधही त्यांचाच. हिवाळ्यात इथे दही लागता लागत नाही. दूध कोमट करून विरजण घातलं तरी सकाळी नुसतं दूधच. सासूबाईंनी स्टीलचा डबा झाकण लावून, टॉवेलात गुंडाळून कोतात्सुच्या कोपऱ्यात, हीटरपासून लांब, दुलईच्या काठाशी ठेवला. मंदावर तीन तास, मग रात्री हीटर बंद करून आतल्या उरलेल्या उबेवर तसाच. सकाळी झाकण काढलं तर सुरी लावून वड्या पाडाव्यात असं दही. मग इडलीचं पीठही त्याच कोपऱ्यात जाऊ लागलं. पीठ फुगतं, त्यामुळे पातेलं अर्धंच भरा आणि खाली ताट ठेवा. नाहीतर दुलई धुवायला काढावी लागते, आणि ते काम सोपं नाही. इतकी मोठी दुलई घरच्या मशीनमध्ये मावत नाही, कॉइन लाँड्रीतल्या सगळ्यात मोठ्या मशीनमध्ये न्यावी लागते. म्हणून दुलईवर घालायचं पातळ, वेगळं धुता येणारं कव्हर पहिल्या दिवसापासूनच घ्या. वरण-भात खाणाऱ्या घरात त्याला पर्याय नाही.

लहान मुलं असलेल्यांनी पुढचं नीट वाचा.

कोतात्सुत झोपायचं नाही. मोठ्यांनीही नाही आणि मुलांनी तर मुळीच नाही. ऊब सौम्य वाटते, पण ४४-४५ अंशांच्या पृष्ठभागालाही त्वचा तासन्‌तास चिकटून राहिली तर आतपर्यंत भाजतं, आणि झोपेत ते कळत नाही. मुलांची त्वचा पातळ, त्यांना ते अधिक लवकर होतं. शिवाय अंगातलं पाणी घामातून जातं, धड थंड आणि पाय तापलेले राहतात, घसा धरतो. आमच्याकडे नियम असा की लेकीच्या डोळ्यांवर झापड आली की तिला उचलून गादीत न्यायचं, गादीत आधीच गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते, आणि ती झोपली की पिशवी काढून घ्यायची. मुलांना आत शिरून गुहा-गुहा खेळायला फार आवडतं. आम्ही तो खेळ हीटर बंद असताना आणि वायर काढल्यावरच खेळू देतो. हीटरवर जाळी असते, पण ती तापते. मोजे, ओले हातमोजे आत वाळत घालायचा मोह सगळ्यांना होतो, घालू नका. कपडा हीटरला चिकटला तर आग लागते, दुलई आत लोटली गेली तरी तेच. दर आठवड्याला हीटरच्या जाळीवरची धूळ काढा. आमच्या वायरवरच्या चालू-बंदच्या बटणावर येताजाता पाय पडत असे, म्हणून ती वायर टेबलाच्या पायाला कापडी पट्टीने बांधून टाकली आहे.

पाळणाघरातल्या ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली: घरात मुलाला फार गुंडाळून ठेवू नका, कमी कपड्यांत हिंडू द्या. इथल्या पाळणाघरात हिवाळ्यातही मुलं पातळ कपड्यांत मैदानात पळताना दिसतात. पहिल्यांदा पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. आता लेकही त्यांच्यासारखीच पळते, आणि घरी आली की बूट भिरकावून थेट दुलईत पाय घालते.

आता एका सहलीबद्दल, कारण कोतात्सुची आवड लागल्यावर आम्ही त्याच्या मागे लागून इवातेपर्यंत गेलो. सासूबाई इथे असतानाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. जपानच्या ईशान्येकडच्या इवाते प्रांतात इचिनोसेकी शहराजवळ गेइबिकेइ नावाची घळ आहे, सातेत्सु नदीने चुनखडीचे कडे कापत कापत केलेली. तिथे सपाट तळाच्या लाकडी नावा एकच नावाडी बांबूने रेटत नेतो, इंजिन नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या नावांवर छप्पर चढवतात आणि आत कोतात्सु मांडतात.

टोकियो स्टेशनहून तोहोकु शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने इचिनोसेकी, साधारण सव्वादोन तास. तिथून ओफुनातो लाइनची छोटी गाडी, अर्धा तास, आणि गेइबिकेइ स्टेशनपासून नावेपर्यंत पाच मिनिटांचं चालणं. आमच्याबरोबर म्हातारं माणूस आणि मूल दोघंही होते, तरी ही दगदग झाली नाही. ओफुनातो लाइनला गाड्या कमी आहेत, म्हणून आधी परतीची गाडी बघून मग नावेची वेळ ठरवा. याच मार्गावर सुट्यांच्या दिवशी पोकेमॉनची गाडीही धावते. २०११ च्या भूकंपानंतर तोहोकुच्या, म्हणजे या ईशान्य भागातल्या, मुलांना आनंद मिळावा म्हणून ती सुरू केली होती. तिला आरक्षण लागतं. आम्हाला ते मिळालं नाही, आणि फलाटावरचं चित्र पाहून लेकीने त्याबद्दल पुष्कळ विचारलं. मुलं असतील तर त्या गाडीचं तिकीट आधी काढा.

नावेत चढताना बूट काढून पिशवीत घ्यायचे. आत लांबच्या लांब कोतात्सु, दोन्ही बाजूंनी माणसं, अनोळखी लोकांचे पाय एकाच दुलईखाली. समोर बसलेल्या जपानी आजीने आमच्या सासूबाईंना दुलई ओढून दिली आणि पिशवीतून सेनबेइ, म्हणजे तांदळाची कुरकुरीत बिस्किटं, काढून हातावर ठेवली. सासूबाई नागपुरीत बोलत होत्या, त्या आजी जपानीत, आणि दोघींचं गुडघ्यांवर एकमत झालं. एका बाजूला हाताने गुडघा दाखवणं, दुसऱ्या बाजूला जोरजोरात मान हलवणं. मला मध्ये पडून भाषांतर करावं लागलं नाही.

जाऊन-येऊन दीड तास लागतो. पाणी इतकं संथ की बांबूचा टोला तेवढा ऐकू येतो. कड्यांवर बर्फाची रेघ, वरून लटकलेले बर्फाचे सुळके, आणि नावेच्या मागे मागे येणारी बदकं. वरच्या टोकाला उतरून थोडं चालत गेलं की दाइगेइबिगान हा १२४ मीटर उंचीचा कडा समोर उभा राहतो. तिथे नदीपलीकडच्या खडकात एक भोक आहे. भाजलेल्या मातीचे छोटे गोळे विकत घ्यायचे, शंभर येनला पाच, प्रत्येकावर एक अक्षर: दीर्घायुष्य, प्रेम, भाग्य वगैरे. गोळा त्या भोकात गेला तर इच्छा पूर्ण होते म्हणतात. सासूबाईंनी दीर्घायुष्याचा गोळा नातीच्या हातात दिला. तो पाण्यात पडला तरी दोघी खूश होत्या. परतताना नावाडी बांबू हातात धरूनच तिथलं लोकगीत गातो. कड्यांमधून तो आवाज फिरून येतो, आणि लेक नवऱ्याच्या मांडीवर अगदी स्तब्ध बसून ऐकत होती.

या सफरीला मी पैकीच्या पैकी गुण देईन, दोन सूचनांसह. नावेतली ऊब घरच्याइतकी नसते, पाय बरे राहतात पण तोंडाला वारा लागतो, म्हणून टोपी आणि मफलर हवाच. वृद्धांच्या पाठीवर चिकटवायची गरम पट्टीही लावा, आतल्या कपड्यावर, कातडीवर नाही. आणि तिथे आगाऊ सांगून नावेत गरमागरम हंडीचं जेवण मिळतं, पण शाकाहारींनी त्याच्या वाटेला जाऊ नये. भाज्या दिसल्या तरी रस्सा बहुधा माशाच्या अर्काचा असतो. आम्ही डब्यात मेथीचे पराठे आणि ठेचा नेला होता. शाकाहारींची खरी चंगळ इचिनोसेकीत मोचीची आहे. तांदळाची ही चिवट मोची तिथे शेकडो तऱ्हांनी खातात. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला मोची करून देवाला वाहायची रीत होती, तिथून हे आलंय. अक्रोडाच्या गोड वाटणातली आणि हिरव्या सोयाबीनच्या वाटणातली, या दोन नक्की खा. सासूबाईंना अक्रोडाची इतकी आवडली की त्यांनी दुसरी वाटी मागवली. लहान मुलांना मोची देताना मात्र अगदी बारीक तुकडे करा आणि समोर बसून भरवा, ती घशात अडकते. आमच्या लेकीला आम्ही फक्त वाटण चाटवलं.

घरी परत येते. हिवाळा संपल्यावर या टेबलाचं काय? दुलई काढली की ते साधं बसकं टेबल होतं, आमचं वर्षभर वापरात असतं. दुलई धुऊन, हवा काढायच्या पिशवीत दाबून भिंतीतल्या कपाटात जाते. खरा त्रास जपान सोडताना. कोतात्सु रोजच्या कचऱ्यात टाकता येत नाही. मोठ्या सामानासाठी वॉर्डात आधी नोंदणी करायची, कोंबिनीतून, म्हणजे गल्लोगल्लीच्या छोट्या दुकानातून, ठरलेल्या रकमेचं स्टिकर आणून टेबलावर चिकटवायचं आणि नेमलेल्या सकाळी खाली ठेवायचं. मार्चमध्ये या नोंदण्यांना गर्दी असते, म्हणून जायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात तारीख घ्या, किंवा नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाला देऊन टाका. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो.

पुढच्या हिवाळ्यात माझे आई-बाबा अकोल्याहून येणार आहेत आणि बाबांचा एक गुडघा बदललेला आहे, त्यांना जमिनीवर बसताच येणार नाही. त्यांच्यासाठी खुर्च्यांवर बसून वापरायचा उंच कोतात्सु बघून ठेवलाय, जेवणाच्या टेबलाएवढ्या उंचीचा. किंमत दुपटीहून जास्त आहे आणि दुलई खुर्च्यांभोवती नीट बसते का, बाजूने वारा शिरतो का, याची मला शंका आहे. कोणी वापरला असेल तर टेबलाचं माप, दुलईचं माप आणि खुर्च्या कुठल्या घेतल्या एवढं जरूर लिहा. ऑक्टोबर उजाडायच्या आत मला ठरवायचंय.